दंगल का होते, आणि का होत नाही: ठाणे जिल्ह्याच्या अनुभवातून एका प्रश्नाचा आढावा

पाणी, रस्ते, शाळा, कर्ज यांच्या योजना आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी हिंसक संघर्षाचा विचार फार उशिरा सुरू केला. १९९४ च्या नरसंहारापूर्वी मदतसंस्थांच्या अहवालांत रवांडाचे कौतुक होत असे. तिथे रस्ते झाले होते, लसीकरण वाढले होते, सरकार कामसू मानले जात होते. पीटर उविन यांनी १९९८ मध्ये 'एडिंग व्हायोलन्स' या पुस्तकात दाखवून दिले की मदतीचा पैसा ज्या यंत्रणेतून वाटला जात होता, तिच्यातच वांशिक भेदभाव मुरलेला होता आणि तो मोजण्याचे काम कुणी आपले मानले नव्हते. त्यानंतर 'संघर्षाची कारणे' हा विकासविचारात एक स्वतंत्र विषय झाला. जागतिक बँकेने २०११ चा विकास अहवाल संघर्ष आणि सुरक्षा याच विषयाला वाहिला. सुमारे दीडशे कोटी माणसे हिंसेच्या छायेतल्या प्रदेशांत राहतात, असे त्यात म्हटले होते.

या चर्चेत उदाहरणे येतात ती बहुधा आफ्रिकेतल्या यादवी युद्धांची. ठाणे जिल्ह्यात यादवी युद्ध झालेले नाही. पण २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंतचा जुना जिल्हा धरला तर गेल्या ऐंशी वर्षांत इथे हिंसेचे बहुतेक प्रकार घडून गेले आहेत: जमीनदार आणि आदिवासी, हिंदू आणि मुसलमान, स्थानिक आणि परप्रांतीय, शेतकरी आणि सरकार. शिवाय इथे एक गोष्ट अभ्यासाला मिळते, ती इतरत्र सहसा मिळत नाही. त्याच गावात, त्याच लोकांत एकदा हिंसा झाली आणि पुढच्या वेळी झाली नाही. म्हणून या जिल्ह्याच्या आधारे या प्रश्नाचा हिशेब मांडणे उपयोगाचे आहे.

विकासाच्या पुस्तकांतली कारणे

टेड गर यांचे 'व्हाय मेन रिबेल' १९७० साली आले. माणूस निव्वळ गरिबीमुळे उठत नाही. आपल्याला जे मिळायला हवे असे त्याला वाटते आणि जे प्रत्यक्ष हाती पडते, यातली तफावत वाढली की तो उठतो, असा त्यांचा सिद्धांत. पुढची तीसेक वर्षे अन्याय आणि वंचना याच दिशेने विचार होत राहिला. मग पॉल कॉलियर आणि आंके होफ्लर यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली. त्यांचे म्हणणे असे की गाऱ्हाणी जगभर सगळीकडेच असतात. युद्ध तिथे पेटते जिथे बंडखोरांना पैसा उभा करता येतो आणि बेकार तरुण स्वस्तात मिळतात. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी २००३ मध्ये तिसरा मुद्दा आणला: धर्म, भाषा किंवा वंश यांची विविधता किती, यापेक्षा राज्ययंत्रणा किती दुबळी, यावर यादवी युद्धाची शक्यता अधिक ठरते. फ्रान्सिस स्ट्यूअर्ट यांनी गाऱ्हाण्यांची बाजू पुन्हा उभी केली, पण वेगळ्या रीतीने. गरीब आणि श्रीमंत यांच्यातल्या अंतरापेक्षा समूहासमूहांतले अंतर धोक्याचे असते. एका समाजाला नोकरी, जमीन आणि सत्ता तिन्ही ठिकाणी डावलले गेले की तो समाज संघटित होतो.

हे सगळे सिद्धांत देशाला एकक मानतात. कुठल्या देशात युद्ध पेटण्याची शक्यता अधिक, याचे उत्तर ते देतात. एकाच तालुक्यातल्या दोन गावांत फरक का पडला, हे त्यांना सांगता येत नाही. स्टॅथिस कॅलिव्हास यांनी २००६ मध्ये नेमके हेच दाखवले: वरून धर्माचे किंवा विचारसरणीचे दिसणारे युद्ध खाली गावपातळीवर अनेकदा बांधाच्या, भाऊबंदकीच्या, जुन्या सुडाच्या हिशेबांवर चालते. ज्या कुणी भिवंडीच्या दंगलींचे कागद चाळले असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही.

भिवंडी, मे १९७०

७ मे १९७० रोजी शिवजयंतीची मिरवणूक भिवंडीतून निघाली. आसपासच्या गावांतून लोक मोठ्या संख्येने आले होते, अनेकांच्या हातांत लाठ्या होत्या. मिरवणुकीवर दगड पडले आणि दंगल सुरू झाली. ती शहरात थांबली नाही. लगतच्या गावांत पसरली, पाठोपाठ जळगाव आणि महाड इथेही उसळली. शंभराहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत मुसलमान फार मोठ्या संख्येने होते.

चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. त्यांचा अहवाल आजही या विषयातला सर्वांत तपशीलवार दस्तऐवज आहे. दंगल म्हणजे अचानक उसळलेला लोकक्षोभ, ही समजूत आयोगाने बाजूला ठेवली आणि मागच्या काही वर्षांच्या मिरवणुका, त्यांचे मार्ग, घोषणा, सभा, पत्रके असा क्रम लावला. दोन्ही बाजूंच्या जातीय संघटनांची नावे घेऊन त्यांच्या कामाची छाननी केली. पोलिसांविषयी आयोगाचे म्हणणे कठोर होते: दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या खास पथकाने पक्षपाती तपास केला, असा ठपका त्याने ठेवला.

मादन अहवालाचे मोल मला आणखी एका गोष्टीत वाटते. मिरवणुकीचा मार्ग ठरवण्यासाठी शांतता कमिटीच्या बैठका होत होत्या, दोन्हीकडचे पुढारी हजर असत आणि समझोते होत असत. म्हणजे ज्याला आज संवादाची यंत्रणा म्हणतात, ती भिवंडीत १९७० पूर्वीच होती. ती पुढाऱ्यांची होती, सणाच्या तोंडावर जागी होत असे आणि मिरवणूक संपली की विसरली जाई. पुढे जे प्रयोग झाले ते या अपयशाला समोर ठेवूनच झाले.

१९८४ आणि मागाचे अर्थकारण

चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाण्यात, मुंबईत गेली. अडीचशेहून अधिक माणसे गेली. भाषणे झाली, झेंड्यांवरून तंटे झाले, अफवा उठल्या. पण या वेळी अभ्यासकांचे लक्ष दुसरीकडेही गेले. असगर अली इंजिनियर यांनी दंगलग्रस्त भागांत फिरून माहिती जमवली आणि दंगलीमागच्या आर्थिक स्पर्धेवर भर दिला. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. गिरण्यांचे काम यंत्रमागांकडे वळले. भिवंडीत माग वाढले, पैसा आला, जागेचे भाव चढले, उत्तर प्रदेश आणि तेलंगणातून कामगार आले. काही मुसलमान मागवाल्यांच्या हाती दिसण्याजोगी संपत्ती आली आणि बदललेल्या तोलाची असूया हिंसेत उतरली, असा हा युक्तिवाद आहे.

तो तपासायचा तर मागाचा धंदा जवळून पाहावा लागतो. सुताचा व्यापारी सूत देतो. तो बहुधा मारवाडी किंवा गुजराती. सूत सायझिंगला जाते, तिथे त्याला खळ लागते आणि ताण्याचे बीम भरले जाते. बीम मागाच्या कारखान्यात येते. मालक बऱ्याचदा मोमीन मुसलमान, पण पद्मशाली आणि इतरही आहेत. मागावर उभा राहणारा कामगार उत्तर प्रदेशातला किंवा तेलुगू, आणि मजुरी त्याने विणलेल्या मीटरवर. निघालेले कोरे कापड पुन्हा व्यापाऱ्याकडे जाते आणि तिथून मुंबईच्या बाजारात. बरेच मागवाले स्वतःचे सूत घेतच नाहीत, मजुरीवर विणून देतात. या साखळीत चार दिवसांची संचारबंदी लागली तर व्यापाऱ्याचा माल अडकतो, मागवाल्याचा हप्ता चुकतो आणि कामगार उपाशी राहतो.

म्हणजे एकाच धंद्यातून दोन विरुद्ध निष्कर्ष काढता येतात. इंजिनियर यांच्या मते स्पर्धेने दंगल पेटवली. दुसरी बाजू म्हणते की परस्परावलंबनामुळे दंगल टळायला हवी होती. दोन्ही युक्तिवादांना एकच अडचण आहे. माग १९७० मध्ये होते, १९८४ मध्ये होते आणि १९९२ मध्येही होते. साखळी तीच होती आणि भिवंडी दोनदा पेटली, तिसऱ्यांदा पेटली नाही.

१९९२ चे कोडे

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबरात आणि जानेवारीत अशा दोन टप्प्यांत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. देशातली सर्वांत संवेदनशील मानली जाणारी भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली.

त्याचे श्रेय बहुतेक जण सुरेश खोपडे यांच्या मोहल्ला समित्यांना देतात. १९८८ मध्ये ते भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. १९८४ च्या दंगलीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि वस्तीवस्तीत समित्या उभ्या केल्या. पुढे त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. या समित्यांची घडण जुन्या शांतता कमिटीच्या नेमकी उलट होती. पुढाऱ्यांना फारसे स्थान नाही. दुकानदार, मागवाले, शिक्षक, कामगार असे वस्तीतले साधे लोक, दोन्ही समाजांचे, आणि त्यांच्याबरोबर बीटवरचा पोलीस. बैठकी सणापुरत्या नाहीत, वर्षभर. विषयही धर्माचे नाहीत: गटाराचे पाणी, नळावरचे भांडण, पोरींची छेड, रात्री लाउडस्पीकर, उधारीची कटकट. पोलीस ठाण्यात ज्या तक्रारीची 'एनसी' (अदखलपात्र नोंद) लिहून माणसाला घरी पाठवले जाते, ती तक्रार इथे समोरासमोर बसून मिटवली जाई. एरवी हवालदाराला वस्तीची ओळख खबऱ्यामार्फत असते. इथे ती माणसांच्या नावानिशी झाली आणि वस्तीलाही हवालदार नावाने कळू लागला. पुढे एखाद्या रात्री अफवा उठली की ती खरी की खोटी हे कुणाला विचारायचे, हे लोकांना ठाऊक होते.

हा तपशील एवढ्यासाठी दिला की त्यात कारणांविषयी एक दावा दडलेला आहे. धर्मभेद, जागेची टंचाई, असूया, राजकारण हे सगळे जसेच्या तसे असताना किरकोळ भांडण आणि मोठी दंगल यांच्यामधला दुवा तोडता येतो, असा तो दावा. आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनी २००२ च्या त्यांच्या ग्रंथात भिवंडीचा उल्लेख केला तो याच कारणाने.

अभ्यासकांचे तीन-चार पक्ष

वार्ष्णेय यांनी स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासोबत १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तयार केली. दंगलींतले मृत्यू मूठभर शहरांत एकवटलेले आहेत आणि खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे, असे त्यातून दिसले. मग त्यांनी शहरांच्या तीन जोड्या घेतल्या: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. निष्कर्ष असा: व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, क्लब अशा संस्थांत दोन्ही समाज एकत्र असतील तर शहर शांत राहते. शेजारपाजारचा रोजचा घरोबा लहान गावात पुरतो, मोठ्या शहरात पुरत नाही. तिथे संस्था लागतात. भिवंडीचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने हे की तिथे अशी संस्था मुद्दाम घडवता आली.

पॉल ब्रास यांना ही मांडणी मान्य नाही. अलीगढवर अनेक दशके काम करून २००३ मध्ये त्यांनी लिहिले की दंगल घडत नाही, घडवली जाते. तणाव तेवत ठेवणारे, वेळ आली की गर्दी बाहेर काढणारे आणि नंतर तिचा अर्थ लावणारे लोक ठरलेले असतात. त्याला ते दंगलीची संस्थात्मक यंत्रणा म्हणतात. ब्रास यांचा आणखी एक आक्षेप आपल्यासारख्या आढावा लिहिणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावा असा आहे. 'कारणे' शोधण्याच्या नादात ज्यांनी प्रत्यक्ष केले ते नजरेआड होतात आणि दोष समाज, अर्थव्यवस्था, इतिहास अशा निराकार गोष्टींवर ढकलला जातो, असे ते म्हणतात.

विल्किन्सन यांनी २००४ च्या 'व्होट्स अँड व्हायोलन्स' मध्ये सरकारकडे बोट दाखवले. दंगल काही तासांत आवरण्याची ताकद पोलिसांत असते. ती वापरायची की नाही हे राज्य सरकार ठरवते, आणि सरकारचा निर्णय अल्पसंख्याकांच्या मतांची त्याला किती गरज आहे यावर ठरतो. ही मांडणी राज्यपातळीवर चांगली लागू पडते. एकाच सरकारच्या हाताखाली मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली, याचा उलगडा मात्र तिच्यातून होत नाही.

थॉमस ब्लॉम हॅन्सन यांचे 'वेजेस ऑफ व्हायोलन्स' हे २००१ चे पुस्तक मुख्यतः मुंबईवर असले तरी त्यात ठाणेही येते. शिवसेनेच्या शाखा आणि सेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांच्याभोवतीचे राजकारण त्यांनी जवळून पाहिले. शाखेत नळाची तक्रार घेऊन जाता येते, शाळेचा प्रवेश होतो, नवरा-बायकोचे भांडण मिटते, रात्री रुग्णवाहिका मिळते. ठाण्यातल्या कित्येक कुटुंबांसाठी हे सरकारहून जवळचे होते. त्याच जाळ्यातून दरारा निर्माण होतो आणि गरज पडली तर गर्दीही रस्त्यावर येते. इथे वार्ष्णेय यांच्या सिद्धांतापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. संस्था घट्ट असणे पुरेसे नाही. नळाचा प्रश्न सोडवणारी मोहल्ला समिती आणि नळाचा प्रश्न सोडवणारी शाखा यांत फरक आहे तो सभासद कोण, याचा. माझ्या मते या वादात वार्ष्णेय आणि ब्रास जितके एकमेकांविरुद्ध उभे दिसतात तितके ते नाहीत. पहिला दंगलीच्या आड काय येते ते सांगतो, दुसरा ती कोण घडवतो ते. भिवंडीत १९८४ समजायला ब्रास लागतात, १९९२ समजायला वार्ष्णेय.

कल्याणचे उदाहरण या ठिकाणी आठवते. दुर्गाडी किल्ला आणि मलंगगड या दोन्ही ठिकाणी हक्काचे वाद कित्येक दशके चालू आहेत. दोन्ही समाजांची श्रद्धा तिथे गुंतलेली, दर वर्षी ठरलेल्या दिवशी घोषणा आणि बंदोबस्त. तरी १९८४ च्या भिवंडीसारखे तिथे काही घडले नाही. 'कारण' धगधगत असूनही हिंसा न होणे हीच बहुसंख्य ठिकाणची स्थिती असते, आणि तिच्यावर ग्रंथ लिहिले जात नाहीत.

परप्रांतीयांवरच्या हल्ल्यांचा धागा वेगळा, पण थोडक्यात नोंदवण्याजोगा. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांवर हल्ले झाले. त्या प्रकरणी मनसेचे नेते राज ठाकरे यांना अटक होऊन कल्याणच्या न्यायालयात आणले गेले, तेव्हा कल्याण-डोंबिवलीत पुन्हा हिंसा झाली. मायरन वीनर यांनी १९७८ मध्येच 'सन्स ऑफ द सॉइल' या ग्रंथात सांगितले होते की असा रोष तळाच्या मजुरांत कमी आणि सुशिक्षित बेकारांत अधिक असतो, कारण स्पर्धा सरकारी आणि कारकुनी नोकऱ्यांची असते. रेल्वेची परीक्षा हे त्याचे अगदी नेमके उदाहरण ठरले.

जमीन

विकासाच्या कामाशी थेट जोडलेली हिंसा या जिल्ह्यात जमिनीवरून झाली आहे. तिचा क्रम लावायचा तर १९४५ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी जानेवारीत कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद झाली. मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी इथे वारली आदिवासी जमले आणि वेठबिगार व लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणे) या प्रथा मोडण्याचा निर्धार झाला. पुढची मागणी मजुरीची होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. चळवळीच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हा सारा लढा लिहिला आहे. चळवळीच्या बाजूने सांगितले जाते की बाईंच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप फिरवून लोकांना तिथे गोळा करण्यात आले. एकाच प्रसंगात स्ट्यूअर्ट यांची समूहविषमता, मजुरीचा व्यवहार, अफवा आणि पोलीस सगळे हजर आहे.

१९७० नंतर पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने सावकारांकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. तिच्यावरचा अभ्यास १९७९ मध्ये 'डेव्हलपमेंट डायलॉग' या स्वीडनमधून निघणाऱ्या नियतकालिकात आला आणि लोकसहभागाच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत वर्षानुवर्षे उल्लेखला गेला. संघर्ष हा विकासातला केवळ अडथळा नसून त्याचा मार्गही असू शकतो, ही भूमिका मांडणाऱ्यांना तो आधाराचा वाटला. हा पक्ष आजही जिवंत आहे. शांतता टिकवणे हेच उद्दिष्ट धरले तर १९४५ च्या वारल्यांना वेठ करत राहा असेच सांगावे लागले असते, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

जानेवारी १९८४ मध्ये जिल्ह्याबाहेर, पण जवळच्याच उरण भागात न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ठाणे-कल्याणच्या आगरी समाजाच्या मनात ती घटना आजही ताजी आहे, कारण तिच्यातून दोन धडे एकदमच मिळाले: एकजूट केली तर मिळते, आणि रक्त सांडेपर्यंत ऐकले जात नाही.

२२ जून २०१७ रोजी कल्याणजवळच्या नेवाळीत जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानतळासाठी इथल्या गावांची सोळाशे एकरांच्या आसपास जमीन घेतली. युद्ध संपले, धावपट्टी ओस पडली आणि शेतकरी पुन्हा भात लावू लागले. सातबाऱ्यावर नाव सरकारचे, नांगर मात्र त्यांचा. सत्तर वर्षांहून अधिक काळ हे तसेच चालले. नौदलाने जागेला कुंपण घालायला घेतले, तेव्हा पेरणीचे दिवस होते. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, छर्ऱ्यांच्या बंदुका चालल्या, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. नौदलाची बाजू स्पष्ट होती: जमीन कायद्याने संरक्षण खात्याची, अतिक्रमण वाढत चाललेले, कुंपण हा मालकाचा हक्क. गावकऱ्यांचीही बाजू तितकीच स्पष्ट: जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपले, परत द्या. मूळ तंटा १९४२ चा, हिंसा २०१७ ची. पंचाहत्तर वर्षे जे 'कारण' शांत होते ते एका दिवसात कशाने पेटले, याचे उत्तर कुंपणाच्या तारखेत आणि हंगामात आहे.

प्रकल्प हाही एक पक्षकार

मेरी अँडरसन यांच्या १९९९ च्या 'डू नो हार्म' मधला विचार मदतसंस्थांनी आता प्रमाण मानला आहे. प्रत्येक समाजात जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या गोष्टी असतात. बाहेरून आलेला पैसा यांपैकी कशाला तरी बळ देतोच, तटस्थ राहत नाही. महाराष्ट्राला ही गोष्ट हे पुस्तक येण्याआधीच कळली होती. सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रातल्या, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी गावांचा विरोध वाढला, जागतिक बँकेने मोर्स समिती नेमली, १९९२ मध्ये समितीने पुनर्वसनावर गंभीर आक्षेप घेतले आणि १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केले. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पातल्या विस्थापितांनी पुढे याच मंडळाकडे दाद मागितली आणि २००६ मध्ये काही महिने बँकेने पैसा रोखून धरला.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मूळ ठरल्यानुसार खर्चाचा ८१ टक्के वाटा जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून यायचा होता, ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने. मार्ग शीळ-म्हातार्डी भागातून आणि पालघरमधून जातो, आणि दोन्हीकडे मोजणीला विरोध झाला. गुजरातच्या शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये थेट जायकाला पत्र लिहिले. समर्थकांच्या मते कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करण्याच्या अशा तरतुदींमुळे गाऱ्हाण्याला वाट मिळते आणि हिंसा टळते. टीकाकार म्हणतात की तक्रार ऐकली जाते ती मार्ग, जागा आणि रक्कम ठरल्यानंतर; गावाच्या हाती उरते ते मोबदल्याचा आकडा वाढवणे. दोन्ही म्हणण्यांना नर्मदा ते म्हातार्डी असा पुरावा आहे.

न सुटलेले

पहिला प्रश्न मोहल्ला समित्यांच्या टिकाऊपणाचा. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव उसळला. गोळीबारात दोघे गेले आणि त्या रात्री दोन पोलिसांना जमावाने ठार मारले. ती दंगल हिंदू-मुसलमानांत झाली नाही, पोलीस आणि जमाव यांच्यात झाली. समर्थक म्हणतात की समित्या सैल झाल्यामुळे हे घडले. ब्रास यांच्या बाजूचे म्हणतील की अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जी शांतता विरते ती समाजाची नव्हतीच. तिसरे स्पष्टीकरण मला अधिक विचार करण्याजोगे वाटते: पोलीस ज्या समितीचे निमंत्रक आहेत, ती पोलीस स्वतः तंट्यातले एक पक्ष झाल्यावर कुणाकडे जाणार? मुंबईत १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला कमिटी चळवळीत नागरिकांचा पुढाकार मोठा ठेवला गेला. भिवंडी आणि मुंबई या दोन पद्धतींची नीट तुलना व्हायला हवी.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. दंगलीची चौकशी होते, आयोग बसतो, हजारो पानांची साक्ष जमते. न झालेल्या दंगलीचा कागद उरतो तो ठाण्याच्या डायरीत आणि तिथेच राहतो. १९९२ च्या डिसेंबरात भिवंडीत कुठली अफवा कुठल्या गल्लीत कुणी थोपवली, हे जोवर आयोगाच्या साक्षीइतक्या बारकाईने लिहिले जात नाही, तोवर समित्या, धंदा, १९८४ ची दहशत आणि कडक बंदोबस्त यांतल्या कशाचा वाटा किती, हे ठरणार नाही.

तिसरा प्रश्न बदलत्या भिवंडीचा आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगत माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांच्या भातशेतीवर आता गोदामे उभी आहेत आणि देशभरचा ऑनलाइन माल तिथून हलतो. जमीन दिलेली किंवा विकलेली आगरी कुटुंबे, कंत्राटदार, बाहेरून आलेले हमाल आणि डिलिव्हरीची पोरे अशी नवी वस्ती तयार झाली आहे. आजवर बहुतांशी इथल्या शहरात धर्माचे तंटे होत आणि आसपासच्या गावांत जमिनीचे. अभ्यासकही त्यानुसार वाटून घेतले गेले होते. आता दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर आले आहेत. मोहल्ला समिती मोहल्ल्याची होती. तिथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहत, एकमेकांना नावाने ओळखत. गोदामातला कामगार पत्र्याच्या खोलीत सहाजणांत राहतो, कंत्राट संपले की निघून जातो, आणि त्याचे नाव ना मतदार यादीत असते ना बीट हवालदाराच्या वहीत.